टाचेच्या भेगांना बिब्बा लावला आणि उतला, आता काय करू?

भेगाळलेला_भोसरीकर

नमस्कार मंडळी, हसायचं असेल तर आधी हसून घ्या मग उत्तर द्या.

दर थंडीत माझ्या टाचा फुटतात, म्हणजे अशा की चादरीचे दोरे अडकतात. मलम, मेण, रात्री मोजे घालून झोपणं सगळं करून झालंय. मागच्या रविवारी गावाहून येताना बाजारात एक मावशी हिरडे, बेहडे, सागरगोटे असलं काय काय घेऊन बसली होती, तिच्या टोपलीत बिब्बे दिसले आणि एकदम आजी आठवली. लहानपणी काटा मोडला किंवा टाचेला भेग पडली की आजी बिब्ब्याचा चटका द्यायची आणि दोन दिवसांत आम्ही परत अनवाणी शेतात. म्हणून घेतले सात-आठ.

घरी आल्या आल्या अडकित्त्याने एक फोडला, आतून डांबरासारखं काळं तेल आलं, ते बोटाने दोन्ही टाचांना मस्त चोळलं, हात फडक्याला पुसला (हो, साबण नाही, माहितीये), मोजे चढवले आणि भर दुपारी बाईकवरून हडपसरला मित्राकडे गेलो.

रविवारी काहीच नाही. सोमवारी रात्री खाज सुटली. आज बुधवार आहे आणि टाचा, घोटे, उजव्या हाताची बोटं, मानेची एक बाजू आणि डावी पापणी एवढं सगळं सुजलंय, घोट्यांवर पाण्याने भरलेले फोड आहेत आणि डोळा निम्माच उघडतो. बायको म्हणते बिब्बा उतला. सासूबाई फोनवर म्हणाल्या खोबरं खा. ऑफिसातला एकजण म्हणतो तूप चोळ.

तर प्रश्न असे की एक, आता काय करू. दोन, आजी लावायची तेव्हा मला कध्धीच काही झालं नाही, मग आत्ताच का. आणि तीन, हे खरंच औषध आहे का आमच्या पिढीचं नुसतं नशीब चांगलं होतं?

टपरीवरचा_तत्त्वज्ञ

डोळा सुजलाय आणि तू इथे टाईप करत बसलायस? ऊठ आणि आधी कातडीच्या डॉक्टरकडे जा. बाकी चर्चा आम्ही करतो, तू आल्यावर वाच.

(स्वतःच्याच टाचेत बिब्बा घालणारा माणूस पहिल्यांदा बघतोय. लोक दुसऱ्याच्या कामात घालतात.)

केमिस्ट्रीत_नापास_नाही

वरच्याशी सहमत, डॉक्टर आधी. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भारी आहे म्हणून लिहितो.

बिब्बा हा आंबा, काजू आणि चारोळी यांच्या कुळातला. कैरीचा चीक ओठाला लागून जे होतं त्याचाच हा थोरला भाऊ समजा. बिब्ब्याच्या सालीत जे काळं तेल असतं त्यातल्या मुख्य द्रव्याला बिब्ब्याच्या भिलावा या दुसऱ्या नावावरूनच भिलावनॉल नाव दिलंय आणि अमेरिकेत पॉयझन आयव्ही म्हणून जी वेल आहे, जिला लोक जाम घाबरतात, तिच्यातल्या द्रव्याचं हे सख्खं भावंड. हे तेल दोन प्रकारे त्रास देतं. जास्त लागलं तर सरळ भाजतं, कोणालाही. आणि दुसरा प्रकार ॲलर्जीचा. त्यात पहिल्या एक-दोन वेळा शरीर फक्त ओळख करून ठेवतं, वर काही दिसत नाही. पुढे कधीतरी परत लागलं की एक-दोन दिवसांनी खाज, सूज, फोड. तुमचं रविवारी लावलं आणि सोमवारी रात्री सुरू झालं ते अगदी त्या वेळापत्रकाप्रमाणे आहे. म्हणजे आजीने लावला तेव्हा काही झालं नाही म्हणताय ना, बहुतेक तेव्हाच ओळख झाली असणार.

दुसरं म्हणजे फोड फुटून त्यातलं पाणी लागल्याने हे पसरत नाही, पसरतं ते तेलामुळे. तुम्ही ते हाताने पापणीला आणि मानेला नेलंत. आता तीन दिवसांनी अंग धुवून फार उपयोग नाही कारण ते कातडीत कधीच शिरलंय, पण मोजे, ते फडकं, चपला, बाईकचं हँडल, हेल्मेटचा पट्टा, दाराची कडी आणि अडकित्ता हे सगळं हातमोजे घालून साबणाने घासा. वाळलेलं तेल सुद्धा बरेच दिवस चावतं. आणि तूप-खोबरेल धुवायच्या आधी चोळू नका कोणी, तेलात तेल मिसळून आणखी पसरतं. लागल्या लागल्या भरपूर पाणी आणि साबण हाच पहिला उपाय, पाणी गार घ्यायचं, कढत नाही.

एक गंमत सांगतो. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचं तेल वापरायचे, वर चुना लावला की खूण पक्की काळी बसते, कितीही धुवा जात नाही. इंग्रजीत या फळाचं नावच खूण करायचं फळ असं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक आपल्याकडे आले, त्यांचे कपडे इथल्या धोब्यांकडे जायचे, आणि बघता बघता कित्येकांच्या मानेवर कॉलरच्या जागी फोड यायला लागले. मग डॉक्टर लोक कोड्यात. शेवटी खापर त्या इवल्याशा खुणेवर फुटलं. तुम्ही तर टाचा भरून चोळलंय.

वैद्य_पण_टीव्हीवरचा_नाही

आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो म्हणून तिसऱ्या प्रश्नावर बोलतो.

आधी तातडीचं. डोळ्याच्या आसपास सूज आहे म्हणजे आजच दाखवा. चेहरा आणखी सुजला, श्वासाला जड वाटलं, ताप आला किंवा लघवी कमी व्हायला लागली, लालसर-काळपट दिसली तर ओपीडीची वाट न बघता थेट हॉस्पिटल. बिब्बा अंगात भिनला तर मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतो, हे आमच्या शिक्षणातही पहिल्यांदा सांगतात. उन्हात आणि चुलीपुढे जाऊ नका. खोबरं खायला सासूबाईंनी सांगितलं ते परंपरेला धरूनच आहे, खा, पण त्याच्या भरवशावर डॉक्टर टाळू नका.

आता औषध आहे का? आहे. आणि साधंसुधं नाही. भल्लातक हे संस्कृत नाव, दुसरं नाव अरुष्कर म्हणजे व्रण करणारा, तिसरं अग्निमुख. नावं ठेवणाऱ्यांनी काहीच लपवलेलं नाही. चरकसंहितेत रसायनाच्या म्हणजे शरीराला बळ देणाऱ्या औषधांच्या अध्यायात याचे दहा प्रकारचे प्रयोग दिलेत आणि कफाचा असा एकही रोग नाही जो भल्लातक लवकर घालवत नाही असं म्हटलंय. मूळव्याध, कुष्ठ म्हणजे त्वचेचे जुनाट रोग, कृमी, मंद झालेला अग्नी, यांत तो येतो. संजीवनी वटी तुम्ही ऐकली असेल, तिच्यात शुद्ध भल्लातक असतो. अमृतभल्लातक नावाचा अवलेह म्हणजे चाटण आहे.

पण त्याच अध्यायात फळं कशी घ्यायची, धान्याच्या राशीत चार महिने पुरून कशी ठेवायची, मग थंडीच्या महिन्यांत कशी वापरायची, काढा पिण्याआधी तोंडाला आतून तूप कसं लावून घ्यायचं हे सगळं आहे. पथ्य वेगळंच. दूध-तूप-भात. कुळीथ, दही, आंबवलेलं बंद, तेलाचं मालिश बंद, ऊन आणि विस्तव बंद. तुम्ही लावून भर दुपारी बाईकवर गेलात, म्हणजे एका दिवसात निम्मं पथ्य मोडलंत.

आणि शोधन, म्हणजे औषधात घालण्याआधी त्यातला जाळ कमी करणं, हा सगळ्यात मोठा भाग. पाण्यात टाकल्यावर जे बुडतात ते बिब्बे घ्यायचे, तरंगतात ते टाकायचे. देठाकडची टोपी कापायची. मग जाड कापडाच्या पिशवीत विटेच्या चुऱ्याबरोबर घालून घासायचे, चुरा तेल पितो, काळाकुट्ट होतो, तो फेकून नवा घ्यायचा, असं तेल सुटायचं थांबेपर्यंत. मग गरम पाण्याने धुवायचं. पुढे नारळाच्या पाण्यात किंवा दुधात शिजवायचा, ग्रंथाग्रंथात थोडा फरक आहे. कॉलेजात आमच्या बॅचने हे केलं तेव्हा हातमोजे होते, कोपरापर्यंत खोबरेल होतं, सर दारात उभे राहून ओरडत होते आणि तरीही एका मित्राचे कान सुजले, कारण चष्मा वर सरकवायची सवय. आजही कायद्यात म्हणजे ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स रूल्सच्या शेड्यूल ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत भल्लातक आहे आणि तो असलेल्या औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असं छापावं लागतं. कधी बाटली बघा.

तुमच्या आजीचं सांगा जरा. त्या नक्की कसा लावायच्या? अडकित्त्याने फोडून बोटाने?

भेगाळलेला_भोसरीकर

दवाखान्यात नंबर लावून बसलोय, पुढे नऊजण आहेत म्हणून लिहितो.

नाही हो. आता तुम्ही विचारल्यावर आठवलं. आजी दाभण बिब्ब्यात खुपसायची, चिमणीच्या ज्योतीवर धरायची, मग चर्र आवाज होऊन तेलाचा थेंब दाभणाच्या टोकावर यायचा आणि तो टोकानेच फक्त भेगेच्या आत टेकवायची. बाजूच्या कातडीला आधी खोबरेल लावलेलं असायचं. वर चुना. आणि आमचा थोरला चुलतभाऊ होता त्याला ती कधीच लावायची नाही, त्याला नुसतं मेण-तेल, म्हणायची ह्याला बिब्बा सोसत नाही. आम्हाला वाटायचं तो लाडका आहे.

आणि नंतर दाभण चुलीतल्या राखेत खुपसून ठेवायची, आम्हाला हात लावू द्यायची नाही. हे सगळं मी साफ विसरलो आणि फक्त बिब्बा लक्षात ठेवला.

वैद्य_पण_टीव्हीवरचा_नाही

बघा. थेंब किती, कुठे, कोणाला नाही, बाजूला काय, नंतर काय. आजींचं प्रोटोकॉल तुमच्यापेक्षा कितीतरी काटेकोर होतं. तरीही आज मी भेगांना बिब्बा कोणालाही सांगत नाही कारण कोणाला सोसेल आणि कोणाला नाही हे लावल्याशिवाय कळत नाही आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. राळेचं मलम, कोकमाचं तेल, आधी कोमट पाण्यात पाय भिजवून ठेवणं, एवढ्याने बऱ्याच टाचा सुधारतात. आणि शुगर तपासली नसेल तर तपासा, डायबेटीस असणाऱ्याने तर पायावर चटके-बिटके प्रयोग अजिबातच करू नयेत.

वऱ्हाडी_ठेचा

बाप्पा, एका बिब्यानं एवढं रामायण! आमच्या वाशीमकडे बाया रोज शेकड्यानं फोडतात. आमच्या गावात निम्म्या घरी गोडंबी फोडाचं काम चालते. दगडावर बिबा उभा धराचा अन् हातोडीचा एकच ठोका असा द्याचा का टरफल दोन भाग अन् आतली गोडंबी अख्खी निंघाली पायजे, तुटली का भाव पडला. बसाच्या आंधी हाताले राख फासते, फडकं गुंडाळते, तरी बोटं काळीभोर अन् कातडं सोलते. माह्या मायनं बरेच वर्ष केलं. तिच्या हाताचे ठसे मशीन घेत नाई, रेशनच्या दुकानात दर महिन्याले तीनदा अंगठा लावा लागते. म्हणून जे लोकं डिंकाच्या लाडूत गोडंबी टाकून मस्त खातात त्याईनं एवढं ध्यानात ठेवलं तरी बस झालं.

आणखी एक, बिब्याचं फूल कोणी खाल्लं का? फूल म्हणजे फूल नाई, काजूले जसं बोंड असते तसं बिब्याच्या बुडाले नारंगी-पिवळं बोंड असते, त्याले आम्ही फूल म्हणतो. वाळवून ठेवते अन् भाजून खाते, गोडसर तुरट लागते. कच्चं खाल्लं तर घसा धरते. हिवाळ्यात जंगलात गेलं का झाडाखाली सडा असते. पानं एवढाली मोठी का एका पानात जेवण होईन, पण आमच्याकडचे जुने लोकं बिब्याच्या झाडाखाली झोपू देत नाई, कोणाकोणाले नुसत्या वाऱ्यानं तोंड सुजते म्हणते.

डिंकलाडू_प्रेमी

अरे थांबा, गोडंबी म्हणजे बिब्ब्याचीच बी??? मी आत्ताच बाळंतिणीसाठी पाव किलो आणलीय!

वैद्य_पण_टीव्हीवरचा_नाही

हो, बिब्ब्याचीच. घाबरू नका, जाळ सालीत असतो, गरात नाही. गोडंबी पौष्टिक आहे आणि पिढ्यान् पिढ्या खातात. फक्त नीट बघून घ्या, पांढरीशुभ्र स्वच्छ हवी, काळे डाग किंवा सालीचा तुकडा चिकटलेला असेल तर तो दाणा सरळ फेका, तोंड येतं. काजूची किंवा आंब्याच्या चिकाची ॲलर्जी असेल त्यांनी लांबच राहावं.

गोंयकार_पुण्यांत

मी तर शीर्षक वाचून हबकलो. आमच्या गोव्यात बिबो म्हणजे ओला काजूगर हो! मार्च-एप्रिलात बायका कोवळे बिबे सोलून बाजारात आणतात, शेकड्यावर विकतात, आणि त्याची खोबरं घातलेली भाजी म्हणजे काय सांगू. पुण्यात पहिल्या वर्षी मेसमधल्या मावशींना म्हणालो बिब्ब्याची भाजी करा ना एकदा, त्या दोन पावलं मागे सरकल्या.

पण विचार केला तर बरोबरच आहे. काजू आला ब्राझीलहून, पोर्तुगीजांनी आणला सोळाव्या शतकात. बिब्बा त्याआधीपासून इथलाच. नवीन झाड आलं, तसंच बोंड, तशीच खाली लोंबणारी बी, तसंच हात जाळणारं साल, म्हणून लोकांनी ओळखीचंच नाव देऊन टाकलं असणार. माझी आई अजून ओले काजू सोलताना हाताला खोबरेल आणि राख लावते, वरच्या वऱ्हाडी भाऊंनी राख लिहिली तेव्हा एकदम तिचे हात दिसले.

मामासाठी_विचारतोय

विषय निघालाच आहे तर. माझ्या मामांना गाठ निघालीय, ऑपरेशनची तारीख मिळालीय. घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की बिब्बा दुधात उकळून २१ दिवस घेतला की कॅन्सर विरघळतो, आणि मामा म्हणतात ऑपरेशन पुढे ढकलू, आधी हे करून बघू. कोणी केलंय का?

वैद्य_पण_टीव्हीवरचा_नाही

नका करू. मी आयुर्वेदाचा माणूस असून सांगतोय, नका करू.

बिब्ब्यावर प्रयोगशाळेत पेशींवर आणि उंदरांवर बरंच काम झालंय, ते खरं आहे, आणि त्या कागदांचे फोटो काढूनच असे मेसेज बनतात. उंदरावरून माणसावर यायला मध्ये जो रस्ता असतो तो अजून चालून झालेला नाही. मामांना अशुद्ध बिब्बा घरी उकळून दिला तर तोंड-घसा भाजेल, किडनीवर ताण येईल आणि मग ऑपरेशनसाठी भूल द्यायला भूलतज्ज्ञच नाही म्हणतील. तारीख मिळालीय ना, ती अजिबात सोडू नका. मामांना आयुर्वेदाचं काही घ्यायचंच असेल तर त्यांच्या सर्जनना सांगून, ऑपरेशननंतर, समोर बसून तपासणाऱ्या वैद्याकडून. फोनवरून किंवा इथे विचारून नाही, मलाही नाही.

केमिस्ट्रीत_नापास_नाही

यावर वैद्यबुवांशी शंभर टक्के सहमत, एरवी आमचं जमत नाही. मी तर म्हणतो तो मेसेज पाठवणाऱ्याला एक थेंब टाचेला लावायला सांगा.

मामासाठी_विचारतोय

ओके. मामींना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या मी हेच सांगत होते पण घरात माझं कोण ऐकतं. तारीख तीच ठेवतोय.

भेगाळलेला_भोसरीकर

अपडेट. शनिवार आहे, डोळा उघडलाय. डॉक्टर बाईंनी बघताक्षणी विचारलं, बिब्बा का? म्हणाल्या थंडीत असे एक-दोन येतातच. पाच दिवसांच्या गोळ्या, लावायला क्रीम, गार पाण्याच्या पट्ट्या, फोड फोडायचे नाहीत. घोट्याचे फोड बसतायत, डाग काही महिने राहतील म्हणाल्या. शुगर पण करून घेतली, नॉर्मल आहे.

आता पुढचं ऐका. केमिस्ट्रीवाल्या भाऊंनी यादीत अडकित्ता लिहिला होता, तो मी घासायला शोधला तर जागेवर नाही. बाबांकडे. बाबा रोज दुपारी जेवण झाल्यावर त्यानेच सुपारी कातरतात. रविवारपासून. गुरुवारी सकाळी त्यांचे ओठ भजीसारखे फुगले, मला म्हणाले काल मिसळ तिखट होती. त्यांनाही त्याच डॉक्टर बाईंकडे नेलं, बाईंनी फाईलवर नाव वाचून माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

उरलेले सहा-सात बिब्बे मी पुरून टाकायला काढले होते, त्यात एक कमी भरला. आज सकाळी बघतो तर आईने तो सुईदोऱ्यात ओवून लिंबू-मिरचीबरोबर दाराला बांधलाय, म्हणते घराला दृष्टच लागलीय. तिने हातमोजे घातले होते का विचारलं तर म्हणाली, हातमोजे कशाला, मला सोसतो. आता मी दोन दिवस तिच्या बोटांवर नजर ठेवणार आहे आणि दारातून वाकून आत-बाहेर करतोय.